माणसाचा क्लोन की फक्त पेशींचा?

क्लोन म्हणजे जनुकांनी हुबेहूब प्रत. अख्ख्या माणसाची असो वा फक्त पेशींची, सुरुवात सारखीच: काचेच्या बारीक सुईने बीजांडातलं केंद्रक (जनुकं असलेला गाभा) काढायचं, दुसऱ्या पेशीचं केंद्रक आत सोडायचं. पुढे वाटा फुटतात.

अख्खं मूल हवं तर गर्भ बाईच्या पोटात वाढवावा लागेल. १९९६ साली स्कॉटलंडमध्ये डॉली ही क्लोन मेंढी जन्मली, ती २७७ प्रयत्नांतून एकटीच. शांघायच्या संशोधकांनी २०१८ मध्ये माकडाची दोन क्लोन पिल्लं दाखवली. त्यासाठी गर्भ वाढवायला २१ माद्या लागल्या होत्या. हे गणित आयाबायांवर मांडून बघा, अंगावर काटा येतो. माझा ठाम विरोध आहे.

पेशींसाठीच्या क्लोनिंगमध्ये गर्भाची वाढ काही दिवसांतच थांबते, रुग्णाच्याच जनुकांचे स्टेम सेल (वेगवेगळ्या प्रकारच्या पेशी बनू शकणाऱ्या मूळ पेशी) मिळतात. हे पटतं. पण बीजांडं कुणाची? त्यासाठी रोज इंजेक्शनं टोचून घेणारी बाई बहुधा गरजूच असणार. जपानी संशोधक शिन्या यामानाकांनी २००७ मध्ये माणसाच्या त्वचेच्या पेशींपासून तसेच सेल बनवले, बीजांडाशिवाय.