पीजीच्या निकालाची पुस्तिका असलेलं खासगी कॉलेज की एकही निकाल नसलेलं नवं शासकीय?

लेकीला नीटला बऱ्यापैकी मार्क पडलेत, ओबीसी, एसईबीसी किंवा ईडब्ल्यूएस आहे, घरचं उत्पन्न आठ लाखांच्या आत आहे, अशा मराठवाड्यातल्या घरांसमोर सध्या एक नवाच पेच आहे. 2024 मध्ये मुलींना शिक्षण शुल्काची पूर्ण माफी मिळाली आणि कॅपमधून, म्हणजे केंद्रीय प्रवेश फेऱ्यांतून, लागणाऱ्या खासगी कॉलेजची भीती बरीच कमी झाली. हॉस्टेल, मेस, डिपॉझिट हे खर्च आहेतच, पण जो निर्णय आधी पैशावरच होऊन जायचा तो आता बसून घ्यावा लागतो. प्रेफरन्स फॉर्ममध्ये वर कोणाला टाकायचं? जुनं, नाव असलेलं खासगी कॉलेज, की 2022 ला धाराशिव, 2023 ला परभणी आणि 2024 ला जालना व हिंगोली इथे निघालेल्या शासकीय कॉलेजांपैकी एखादं?

आम्ही लातूरचे. थोरलीच्या वेळी हा निर्णय आमच्या घरी झाला, म्हणून लिहितोय. इमारत, बेड, सीट या गोष्टी तुम्ही पाहिल्याच असतील, त्यात जात नाही. खासगी कॉलेजचा सगळा भर एकाच गोष्टीवर असतो, की आमच्याकडून एमबीबीएस केलं तर पुढे पीजी (एमडी, एमएस) लागतं. मी तेवढंच तोलून पाहिलं.

खासगी कॉलेजात गेलो तर मान-पान उत्तम. काउन्सेलर मॅडमनी लेकीशीच आधी बोलायला सुरुवात केली, ते मला आवडलं. हातात जाड गुळगुळीत कागदाची पुस्तिका दिली. पानोपानी पांढऱ्या एप्रनमधले फोटो, खाली नाव, शाखा आणि पीजीला मिळालेलं कॉलेज. एमडी मेडिसिन, एमएस ऑर्थो, रेडिओलॉजी, स्किन. बघून कोणत्याही आई-बापाचं मन भरून येईल असंच होतं. आणि ही मुलं खोटी नव्हती. कष्टाने पीजीला लागलेली खरीखुरी मुलं होती.

शासकीय कॉलेजात दाखवायला काहीच नव्हतं. पहिली बॅच अजून बाहेर पडलेली नाही, तर पीजीचा निकाल कुठून येणार? साडेचार वर्षं शिक्षण, एक वर्ष इंटर्नशिप, मग नीट पीजी. तिथल्या एका सरांनी हे सरळ सांगितलं. म्हणाले, "निकाल विचारू नका, आमच्याकडे तो नाही. ओपीडी सुरू आहे, तासभर बसून बघा आणि मग ठरवा." आम्ही बसलो. जुन्या जिल्हा रुग्णालयाची ती गर्दी होती. केसपेपरची रांग दाराबाहेर गेलेली, आणि सेकंड इयरची पोरं एका आजोबांच्या पोटावर हात ठेवून यकृत लागतंय का ते शोधत होती. मागे उभे असलेले सर त्यांचा हात दोन बोटं खाली सरकवत होते.

आता जी गोष्ट मला खटकली ती. पुस्तिकेत आमच्या शेजारच्या गावच्या एका मुलाचा फोटो होता. "2024 चे यशस्वी विद्यार्थी" या पानावर. पोरगा ओळखीचा, म्हणून फोन केला. त्याची इंटर्नशिप 2020 लाच संपली होती. मग काही दिवस कंत्राटी मेडिकल ऑफिसर म्हणून नोकरी, मग पुण्यात अभ्यासिका लावून ड्रॉप, दिवसभर ॲपवरचे लेक्चर आणि टेस्ट सिरीज, आणि मग सीट. त्याचं कौतुक वाटलं. त्याने स्वतःच सांगितलं, "काका, माझ्या वर्गातले बरेच जण अजून बसतायत परीक्षेला. काहींनी नाद सोडला."

पुस्तिकेत कुठेही एमबीबीएस पास झाल्याचं वर्ष नाही. एकाही फोटोखाली नाही. म्हणजे 2024 च्या पानावर चार-पाच बॅचची मुलं एकत्र असू शकतात, आणि वाचणाऱ्याला वाटतं की एका वर्गातून एवढी लागली. मी मॅडमना विचारलं, "एका बॅचचं सांगा. किती पास झाली, पहिल्या प्रयत्नात पीजीला किती लागली, दुसऱ्यात किती?" त्यांनी नम्रपणे दुसरी पुस्तिका दिली. त्यातही फोटोच होते. नंतर मेलही केला, त्याला "लवकरच कळवू" असं उत्तर आलं.

हे एवढं मनावर का घेतलं, तर बाहेरच्या माणसाला हा आकडा काढता येत नाही. राज्यातले प्रवेश करणाऱ्या सीईटी सेलच्या राऊंडनिहाय पीजी निवड याद्या पाहता येतात, देशपातळीवरचे प्रवेश करणाऱ्या एमसीसीच्याही. त्यात रँक असते, कोटा असतो, शाखा आणि मिळालेलं कॉलेज असतं. पण विद्यार्थ्याने एमबीबीएस कुठून आणि कधी केलं ते नसतं. ते फक्त कॉलेजला माहीत असतं. म्हणजे ज्याच्याकडे खरा आकडा आहे तोच तो सांगत नाही, आणि त्या जागी फोटो छापतो. लातूरच्या माणसाला हे नवीन नाही. ट्यूशन एरियात एकच टॉपर दोन क्लासच्या फ्लेक्सवर आपण पाहिलेला आहे, आणि "बसले किती होते?" हा प्रश्न विचारायला आपण तिथेच शिकलो.

अमेरिकेत मार्च महिन्याच्या तिसऱ्या शुक्रवारी मॅच डे असतो, रेसिडेन्सी (तिथलं पीजी) कुठे लागली ते त्या दिवशी देशभरातल्या मुलांना एकदमच कळतं. तिथली मेडिकल स्कूलसुद्धा या यादीची भरपूर जाहिरात करतात, एका वर्षापुरती मिळालेली प्रिलिमिनरी जागाही मॅचमध्ये धरतात अशी टीका त्यांच्यावरही होते. पण यादी साधारणपणे त्या वर्षी बाहेर पडणाऱ्या वर्गाची असते. आपल्याकडे एवढं जरी झालं तरी पालकांची निम्मी फसगत टळेल.

बाकीच्या दोन गोष्टी थोडक्यात. "आमचे इतके टक्के विद्यार्थी नीट पीजी क्वालिफाय" या वाक्यावर जाऊ नका. एरवी खुल्या गटाला 50 पर्सेंटाइल लागतं, पण 2023 ला जागा भराव्यात म्हणून कटऑफ सगळ्यांसाठी शून्य पर्सेंटाइलवर आणला होता. त्या वर्षी परीक्षेला बसून निकाल लागलेला जवळपास प्रत्येक जण क्वालिफाय. आणि "पीजी" या दोन अक्षरांत रेडिओलॉजीही येते आणि जागा रिकाम्या राहणारं ॲनाटॉमीही येतं. ॲनाटॉमी वाईट नाही, शिकवायला चांगली माणसं हवीतच. पण लेकीला पेशंट बघायचे असतील तर शाखा आणि कोटा दोन्ही विचारा. मॅनेजमेंट कोट्यातून पैसे भरून घेतलेली सीट आणि रँकवर मिळालेली सीट फोटोत सारखीच दिसते.

खासगीच्या बाजूने जे आहे तेही सांगितलं पाहिजे, कारण ते थोडं नाही. जुन्या कॉलेजात स्वतःचे पीजी विभाग असतात. रात्री वॉर्डात रेसिडेंट, म्हणजे पीजी करणारे डॉक्टर, असतात, आणि अर्धं एमबीबीएस त्यांच्याकडूनच शिकलं जातं. नव्या शासकीय कॉलेजात पीजीच्या जागा यायला वेळ लागतो. प्राध्यापकांची पदं रिकामी असतात, बदल्या होतात, हॉस्टेलचं काम रेंगाळतं. लेक पहिल्या वर्षी भाड्याच्या खोलीत राहिली तेव्हा तिच्या आईला झोप लागत नव्हती. लायब्ररी रात्री उशिरापर्यंत उघडी, कॅम्पस सुरक्षित, हे ज्या घराला सगळ्यात महत्त्वाचं आहे त्यांनी खासगी वर टाकलं तर मी त्यांना चूक म्हणणार नाही. आणि शासकीयला बाँडचं, म्हणजे शिक्षणानंतर सक्तीच्या सरकारी सेवेचं, एक वर्ष असतं, ते धरून चाला.

यापेक्षा वरची रँक असेल तर हा प्रश्नच येत नाही. अंबाजोगाईचं शासकीय कॉलेज 1974 पासून आहे, नांदेड 1988 पासून, छत्रपती संभाजीनगरचं घाटी तर 1956 चं. त्यांच्याकडेही पुस्तिका नाही, पण गावोगाव त्यांचे डॉक्टर आहेत, विचारायला माणूस सापडतो.

आम्ही नवं शासकीय वर टाकलं आणि तेच लागलं. पीजीचं काय होईल ते आज मी सांगू शकत नाही, तिची बॅच अजून आत आहे. एवढं बघतोय की ती सुट्टीत आली की ॲपवर एमसीक्यू सोडवते, अगदी खासगीतल्या तिच्या मैत्रिणीसारखीच. नीट पीजी एकच, प्रश्न 200, मार्क 800, ॲपही तीच. त्या परीक्षेत कॉलेजचा वाटा मला तरी पुस्तिकेत दाखवतात तेवढा वाटत नाही. कॉलेजने द्यायचा तो पेशंट, आणि तो तिला रोज मिळतोय.

तुमचा कल खासगीकडे असेल तर फॉर्म लॉक करण्याआधी एक करा. त्यांच्याकडे कुठल्याही एका बॅचचा आकडा लेखी मागा: किती पास झाली, इंटर्नशिप संपल्यावर पहिल्या दोन वर्षांत पीजीला किती लागली, कोणत्या शाखेत आणि कोणत्या कोट्यातून. एखाद्या कॉलेजने तो कागद सही-शिक्क्यानिशी दिला, तर माझं वरचं सगळं बाजूला ठेवा आणि बिनधास्त तेच कॉलेज पहिल्या नंबरला टाका.