रोज तोच रस्ता, रोज नवं भाडं: ऑफिसला जाण्यासाठी कॅब ॲप काही महिने वापरल्यानंतर

महिनाभरापूर्वी कोणी विचारलं असतं तर या ॲपला मी पाचपैकी चार तारे दिले असते. आज दोनच देतेय. कारण आहे मागच्या आठवड्यातली एक राइड. बुक करताना दाखवलेलं भाडं एक आणि उतरल्यावर कापलेलं त्याच्या जवळपास सव्वापट. रस्ता नेहमीचाच होता, ड्रॉप बदलला नव्हता, मध्ये कुठे थांबाही घेतला नव्हता. तक्रार टाकली तर मदत विभागातून ठरलेलं उत्तर आलं, की प्रवासाला अंदाजापेक्षा जास्त वेळ लागला म्हणून भाडं सुधारलं आहे. किती मिनिटं जास्त लागली की भाडं सुधारतात, एवढंच मी विचारलं. पुन्हा तेच उत्तर, शब्दन् शब्द तेच. आणखी खोदून विचारल्यावर तक्रार निकाली काढल्याचा मेसेज आला.

बाकीच्या गोष्टींवर फार लिहीत नाही. गाड्या बऱ्या असतात, नकाशा बहुतेक वेळा बरोबर असतो, ड्रायव्हर सभ्य भेटलेत. बुकिंग स्वीकारून नंतर रद्द करण्याचा त्रास सगळ्यांना माहीत आहे, मलाही झाला. पण रोज ऑफिसला जाणाऱ्या माणसासाठी या सगळ्याच्या वर एक प्रश्न आहे: आज किती पडणार?

घर ते ऑफिस हे अंतर बदलत नाही. निघण्याची वेळही फार तर वीस मिनिटं इकडेतिकडे. तरीही सोमवारचं भाडं आणि बुधवारचं भाडं यांचा एकमेकांशी काही संबंध लागत नाही. पाऊस असला, मोठा कार्यक्रम असला तर भाडं वाढणार हे समजतं. पण कोरड्या, साध्या मंगळवारी सकाळी दीडपट आकडा दिसतो तेव्हा मी नक्की कशाचे पैसे देतेय? महिन्याच्या सुरुवातीला प्रवासासाठी रक्कम बाजूला काढणारी मी बाई. घरभाडं, वीज, किराणा यांचे आकडे मला साधारण माहीत असतात. खर्चाच्या वहीत प्रवासाचीच ओळ अशी आहे की महिना संपेपर्यंत ती भरता येत नाही.

सगळ्यात जास्त राग कशाचा येतो ते सांगते. भाडं बुक करायच्या आधी दिसतं, पण ते नेहमीपेक्षा जास्त आहे की कमी, हे कुठेच दिसत नाही. पूर्वी असं नव्हतं. उबरच्या सुरुवातीच्या वर्षांत मागणी वाढली की स्क्रीनवर १.५, २.१ असा गुणक ठळक दिसायचा आणि तो मान्य केल्याशिवाय गाडी मागवता यायची नाही. २०१६ पासून गुणकाच्या जागी एकच तयार रक्कम दाखवायला सुरुवात झाली, आणि आता हीच पद्धत रूढ आहे. यात सोय आहे हे मी नाकारत नाही. मीटरकडे बघत बसावं लागत नाही. पण पूर्वी १.५ दिसलं की थांबायचं की जायचं हे ठरवता यायचं. आता जो आकडा दिसतो त्याच्या मागे मूळ भाडं किती आणि वाढ किती, हे समजायला मार्ग नाही. आणि तो तयार आकडाही प्रवास संपताना बदलणार असेल, तर मग आधी दाखवण्याला अर्थ काय उरला?

ॲप वारंवार उघडलं की भाडं वाढतं, असं ऑफिसात जवळपास सगळे मानतात. मीही तसंच धरून चालले होते आणि मुद्दाम एकदाच उघडायचे. नंतर वाचनात एक अभ्यास आला. अमेरिकेतल्या नॉर्थईस्टर्न विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१५ मध्ये मॅनहॅटन आणि सॅन फ्रान्सिस्कोत उबरचं सर्ज, म्हणजे मागणी वाढल्यावर होणारी भाडेवाढ, बाहेरून मोजलं होतं. त्यांना दिसलं की शहराचे भाग पाडलेले आहेत, प्रत्येक भागाचा दर दर पाच मिनिटांनी नव्याने ठरतो, आणि बरीचशी वाढ दहा मिनिटांच्या आत ओसरते. काही वेळा शेजारच्या भागात चालत गेलं तरी भाडं उतरायचं. तेव्हापासून मी उलटं करते. ॲप उघडते, आकडा जास्त वाटला तर पाच-सात मिनिटं थांबते, पुन्हा बघते. सकाळी याचा खरोखर उपयोग होतो. पिकअप मोठ्या रस्त्याच्या पलीकडे ठेवला तर कधीकधी तेवढ्यानेच फरक पडतो. संध्याकाळी मात्र काही उपयोग नाही. सगळी ऑफिसं एकदम सुटतात, आजूबाजूचे सगळे भाग सारखेच तापलेले असतात, आणि थांबलं तर भाडं वाढतच जातं.

फोनची बॅटरी कमी असली की भाडं वाढवतात, हेही खूप ऐकलं. यातलं खरं एवढंच, की बॅटरी संपत आलेले लोक वाढीव भाडं लवकर मान्य करतात असं उबरच्याच एका संशोधकाने २०१६ मध्ये सांगितलं होतं. ही माहिती दर ठरवायला वापरत नाही, असंही कंपनीने म्हटलं होतं. मी यावर डोकं शिणवत नाही. हिशोब उघड असता तर अशा शंकांना जागाच राहिली नसती.

हे लिहायला घेतलं आणि मध्येच एक मेसेज आला, म्हणून इथेच नोंदवते: त्या राइडचा फरक परत मिळाला. खात्यात नाही, ॲपच्या वॉलेटमध्ये, आणि ठरावीक मुदतीत वापरायच्या अटीवर. का परत केला याचं स्पष्टीकरण नाही, आधी का कापला याचंही नाही. तारे दोनच राहतील.

ड्रायव्हरांबद्दल माझं मत या काही महिन्यांत पार बदललं. वाढीव भाडं त्यांच्याच खिशात जातं असं मला वाटायचं आणि त्यामुळे निदान कोणाचं तरी भलं होतंय असं समाधान होतं. मग एका संध्याकाळी ड्रायव्हरने स्वतःहून विचारलं, "मॅडम, तुम्हाला किती दाखवतंय?" मी आकडा सांगितला तर त्यांनी आपला फोन पुढे केला. दोन आकड्यांत इतकं अंतर होतं की आम्ही दोघंही थोडा वेळ काही बोललो नाही. प्रवाशाला तयार रक्कम दाखवायला लागल्यापासून अनेक ठिकाणी प्रवाशाचं भाडं आणि चालकाची कमाई यांचा हिशोब वेगवेगळा होतो. म्हणजे मी जास्त दिले म्हणून त्यांना जास्त मिळालेच असं नाही. त्या दिवसापासून सर्जच्या वेळी गाडी मागवताना मला दुप्पट वाईट वाटतं.

आदल्या रात्री बुकिंग करून ठेवायचाही प्रयत्न केला. भाडं आधी ठरतं, सकाळची धावपळ कमी होते. पण ते ठरलेलं भाडं साध्या दिवसापेक्षा बहुतेक वेळा जास्तच असतं. महत्त्वाची मीटिंग असेल तर ठीक, रोज परवडत नाही. महिन्याचा पास घेतला, त्यात सवलत टक्क्यांत मिळते. ज्या रकमेवर सवलत द्यायची तीच वर-खाली होत असेल तर दहा टक्के सूट मिळून मी नक्की किती वाचवले हे मला सांगता येत नाही. माझ्या गरजेच्या जवळ जाणारी सोय अमेरिकेत लिफ्ट (Lyft) या कॅब कंपनीने सप्टेंबर २०२४ मध्ये आणली: दरमहा थोडी रक्कम भरायची आणि एका ठरावीक मार्गावर, ठरावीक वेळेपुरती भाड्याला वरची मर्यादा घालून घ्यायची. रोजच्या प्रवाशाला हेच हवं असतं. मी वापरते त्या ॲपमध्ये असं काही नाही.

सरकारी मर्यादेचं काय, असं कोणी विचारेल. न्यूयॉर्कमध्ये २०१४ मध्ये महाधिवक्त्यांशी झालेल्या करारानंतर आपत्तीच्या काळातल्या वाढीवर उबरने मर्यादा मान्य केली. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये सिडनीत ओलीसनाट्य चालू असताना भाडी भडकली आणि टीका झाल्यावर कंपनीला पैसे परत करावे लागले. भारतात केंद्राच्या २०२० च्या मार्गदर्शक तत्त्वांत मूळ भाड्याच्या दीडपटीची मर्यादा होती, २०२५ मध्ये ती दुपटीवर गेली. अशा मर्यादा हव्यातच. पण त्या टोकाच्या दिवसांसाठी कामाच्या. माझी रोजची ओढाताण सगळी साध्या भाड्यापासून दीडपटीपर्यंतच्या पट्ट्यात होते, आणि तिथे कोणाचाच नियम मोडलेला नसतो.

म्हणून माझी मागणी छोटी आहे. याच मार्गावर, याच वेळेला, मी याआधी किती दिले ते बुकिंगच्या स्क्रीनवर दाखवा. माहिती त्यांच्याकडेच आहे, माझ्या प्रत्येक पावतीत आहे. मी तेच हाताने केलं. मेलमधल्या जुन्या पावत्या काढून सकाळ आणि संध्याकाळ अशा दोन रकान्यांत भाडी लिहिली, आणि मधोमध येणारा आकडा माझं साधं भाडं धरला. त्याच्या सव्वापटीपर्यंत गाडी घेते. वर गेलं तर बस. उशीर होतो, उभं राहावं लागतं, पण तिकीट किती ते घरातून निघतानाच माहीत असतं. दोन्ही रकाने महिन्यातून एकदा नव्याने भरावे लागतात, कारण साधं भाडंसुद्धा हळूहळू वर सरकतंय.

भाडं सुधारलं जाण्याची भीती असल्यामुळे बुक करताना आणि उतरताना स्क्रीनशॉट घेऊन ठेवते, तुम्हीही घ्या. तक्रारीत तेवढाच पुरावा हाती असतो. पासची मुदत महिनाअखेरीस संपतेय, पुढचा घेणार नाही. वॉलेटमधला परतावा मुदतीच्या आत एखाद्या सकाळी वापरून टाकेन.