फ्रोजन शोल्डर आणि दाराला लावायची पुली : नऊ महिने वापरल्यानंतर

दिवाळीच्या साफसफाईत माळ्यावरचे डबे काढताना डाव्या खांद्यात कळ आली, वाटलं लचक भरली असेल, बाम चोळला आणि कामाला लागले. पण दीड-दोन महिन्यांत अंबाडा घालता येईना, दोरीवर कपडे टाकायला हात वर जाईना आणि रात्री त्या कुशीवर वळलं की जीव जायचा. मालिश करणाऱ्या एकाने हात धरून जोरात हिसका दिला, त्यानंतरचे आठ दिवस आठवले तरी अंगावर काटा येतो. कृपा करून असं कुणाकडून करून घेऊ नका.

एक्स-रे नॉर्मल आला. डॉक्टरांनी कोपर कमरेला टेकवून हात बाहेरच्या बाजूला फिरवायला सांगितलं, तो जेमतेम हलला, त्यांनी स्वतः धरून फिरवून बघितला तरी तेवढाच, आणि तिथेच ते म्हणाले फ्रोजन शोल्डर. सांध्याभोवतीचं आवरण सुजतं, जाड होतं आणि आकसून बसतं. चाळीस ते साठ वयात जास्त, बायकांना जास्त, आणि डायबेटिस किंवा थायरॉईड असेल तर आणखीनच. मला शुगर आहे आठ वर्षं, कुणी आधी सांगितलं असतं की खांद्याचाही याच्याशी संबंध असतो तर मी दोन महिने बाम चोळत बसले नसते.

पुली जानेवारीत घेतली, साडेतीनशेला. नायलॉनची दोरी, दोन मुठी, एक चाक आणि वरचा पट्टा, तो दाराच्या वरून पलीकडे टाकायचा आणि दार बंद करायचं. दार आपल्याकडे उघडत असेल त्या बाजूला बसू नका, ओढलं की दारच उघडतं, उलट्या बाजूला खुर्ची टाका आणि कडी लावा, घरात लहान मुलं असतील तर नक्कीच. चांगल्या हाताने दोरी खाली ओढायची म्हणजे दुखरा हात आपोआप वर जातो, त्याने स्वतः जोर लावायचा नाही. हे "जोर लावायचा नाही" मला कळायला तीन आठवडे गेले. जेवढं जास्त ओढू तेवढं लवकर सुटेल म्हणून दात आवळून ओढायचे आणि रात्रभर ठणका. फिजिओ मॅडमनी सांगितलं, व्यायामानंतरचं दुखणं थोड्या वेळात बसलं तर ठीक, रात्री झोप मोडली तर तुम्ही जास्त ओढलंत. तोच नियम मी अजून पाळते.

फेब्रुवारीत सांध्यात स्टेरॉईडचं इंजेक्शन घेतलं, घाबरत घाबरतच. पंधरा दिवसांत रात्रीचं दुखणं खूप उतरलं. मात्र उपाशीपोटीची शुगर चार दिवस दोनशेच्या वर होती, डॉक्टरांनी आधी बजावलं होतं म्हणून रोज घरी तपासत होते, शुगरवाल्यांनी हे विचारूनच घ्या. पुलीचा खरा उपयोग त्यानंतर सुरू झाला, कारण दुखणं कमी असल्याशिवाय हात सैल सोडताच येत नाही. आधी दहा मिनिटं गरम पाण्याच्या पिशवीने शेक, मग पुली दहा मिनिटं, सकाळ-संध्याकाळ.

भिंतीवर बोटं चालवत हात वर न्यायचा व्यायामही होता, तिथे पेन्सिलीने खूण करून तारीख टाकायचे. मार्चमधल्या चार खुणा एकमेकींना चिकटून आहेत, एक महिना काहीच हललं नाही आणि मी रडले सुद्धा. मग मेमध्ये एकदम वीतभर वर. आता सगळ्यात वरची खूण खिडकीच्या चौकटीच्या वर आहे.

पुलीने हात समोरून आणि बाजूने वर जातो, बाहेर फिरवणं तिने होत नाही, ते मी लाटणं दोन्ही हातांत आडवं धरून चांगल्या हाताने ढकलून करते, आणि पाठीमागे टॉवेल धरून वर ओढायचा. फक्त पुली आणून बसलात तर हा भाग तसाच अडकलेला राहील. वस्तू म्हणून बोलायचं तर मुठीवरचा फोम सहा महिन्यांत फाटला, त्यावर जुन्या सुती साडीची पट्टी गुंडाळली, चाक करकरायला लागलं तेव्हा खोबरेल तेलाचा थेंब टाकला, दोरी मात्र अजून शाबूत आहे.

आज अंबाडा घालता येतो, रात्री डाव्या कुशीवर झोपते, कपडे मीच वाळत घालते. पाठीमागे हात उजव्यापेक्षा अजून चार बोटं खाली राहतो, त्यासाठी टॉवेल चालू आहे.