पॅरिसची रात्र बघायची कशातून? बोट, उघडी बस, सायकल की टूरची कोच

पॅरिसला निघालेल्या मंडळींचा प्रश्न ठरलेला असतो: रात्रीचं शहर बघायला बोट घ्यावी, वरून उघडी असलेली बस, की त्या सायकलवाल्यांबरोबर जावं? मी आधी विचारते, जाताय कधी? मे महिन्यात, मुलांच्या सुट्टीत, की दिवाळीला? रोषणाईच्या फेरीत निम्मं काम अंधार करतो, आणि पॅरिसचा अंधार आपल्या सवयीच्या वेळेला पडत नाही.

मेच्या मध्यावर तिथे सूर्य मावळतो सव्वानऊ ते साडेनऊच्या दरम्यान. जूनच्या शेवटी दहाला दोन-तीन मिनिटं असताना. त्यानंतरही अर्धा-पाऊण तास आकाश उजळच असतं. म्हणजे त्या दिवसांत आठची ‘इव्हनिंग क्रूझ’ घेतली तर चक्क उन्हात फिरून याल. दिवाळीचं गणित उलटं. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी युरोपातली घड्याळं एक तास मागे जातात. त्याआधीच्या आठवड्यात सूर्यास्त पावणेसातच्या सुमारास होतो, नंतर एकदम साडेपाचच्या आतबाहेर. नोव्हेंबरात सहा-साडेसहाला शहर पूर्ण उजळलेलं असतं आणि फेरी आटोपून जेवायला वेळेवर पोहोचता येतं. फक्त थंडी असते, आणि पाऊसही बराच.

आयफेल टॉवरचे सोनेरी दिवे ३१ डिसेंबर १९८५ला पहिल्यांदा लागले. रंगवलेल्या लोखंडावर बाहेरून झोत टाकण्याऐवजी सांगाड्याच्या आतून वर प्रकाश सोडायचा, ही त्यातली युक्ती. त्यामुळे टॉवर आतून पेटल्यासारखा दिसतो. दर तासाच्या ठोक्याला पाच मिनिटं जो लखलखाट होतो, तो वेगळ्या २०,००० दिव्यांचा. तो २००० सालाच्या स्वागतासाठी आला आणि लोकांना इतका आवडला की पुढे कायमचा राहिला. सप्टेंबर २०२२मध्ये वीज वाचवण्यासाठी टॉवरचे दिवे रात्री पावणेबारालाच बंद करायला सुरुवात झाली, त्याआधी ते एकपर्यंत असायचे. जूनच्या शेवटी अकराच्या आधी तो लखलखाट गडद काळोखात दिसतच नाही. लहान मुलं आणि सत्तरीचे आईवडील बरोबर असतील तर हे आधी मनात घ्या, वाहन नंतर ठरवा.

पहिल्यांदा जाणाऱ्याला, गुडघे दुखणाऱ्याला आणि एकाच फेरीचं बजेट असणाऱ्याला मी बोट सांगते. सेन नदीवरची फेरी साधारण तासाभराची. आयफेलच्या पायथ्याच्या धक्क्यावरून, आल्मा पुलाजवळून किंवा पाँ नफ पुलाशी असलेल्या बेटाच्या टोकावरून बोटी सुटतात. साधं तिकीट पंधरा-वीस युरोंच्या घरात, म्हणजे सगळ्या पर्यायांत बहुधा सर्वात स्वस्त. तिसऱ्या अलेक्झांडरचा सोनेरी पुतळ्यांचा पूल, जुन्या रेल्वे स्टेशनचं संग्रहालय झालेलं ओर्से, फ्रान्सची राणी मारी आंत्वानेत हिला १७९३मध्ये कैदेत ठेवलं होतं ती कॉन्सिएर्जरी, आणि २०१९च्या आगीनंतर डिसेंबर २०२४मध्ये पुन्हा उघडलेलं नोत्र दाम चर्च, हे सगळं न चालता समोरून सरकत जातं. पॅरिसचा नदीकाठ १९९१पासून जागतिक वारशाच्या यादीत का आहे, ते पाण्यावरून जितकं कळतं तितकं रस्त्यावरून कळत नाही. पुलांच्या कमानींच्या पोटावर पाण्याचा हलता उजेड पडतो, तो तर फक्त बोटीतूनच दिसतो.

पण बोटीच्या मर्यादाही जाहिरातीत येत नाहीत. नदीकाठच्या दगडी भिंती उंच आहेत. लूव्र संग्रहालय म्हणजे एक लांबच लांब दर्शनी भिंत दिसते, काचेचा पिरॅमिड आतल्या चौकात असल्यानं दिसतच नाही. शाँझेलिझेचा रस्ता, आर्क द त्रियाँफची कमान, ऑपेराची इमारत, मोंमार्त्रची टेकडी यांतलं काहीही धड मिळत नाही. माहिती बहुतेक ठिकाणी रेकॉर्ड केलेली असते. काही छोट्या बोटींवर माणूस बोलतो, तेही फ्रेंच आणि इंग्रजीत आळीपाळीनं. आणि नदी भरली की बोटी बंद. जून २०१६ आणि जानेवारी २०१८मध्ये पाणी इतकं चढलं होतं की पुलाखालून बोट जाईना. आल्मा पुलाला झुआव्ह (फ्रेंच सैन्यातली एक पलटण) सैनिकाचा एक दगडी पुतळा आहे, त्याच्या पायाला पाणी लागलं की पॅरिसकर पुराची चर्चा सुरू करतात. १९१०च्या महापुरात ते त्याच्या खांद्यापर्यंत गेलं होतं.

बोट ठरलीच तर दोन गोष्टी पाळा. एक, वरच्या उघड्या मजल्यावर बसा, स्वेटर घालून. खालचा काचेचा हॉल उबदार असतो खरा, पण आत दिवे असले की काचेत बाहेरच्या शहरापेक्षा आपलेच चेहरे जास्त दिसतात. जेवणाच्या महागड्या क्रूझवर माझा आक्षेप याच कारणासाठी आहे, शाकाहारी ताटाची आधी करावी लागणारी विनवणी तर वेगळीच. दुसरं, आयफेलजवळच्या धक्क्यावरून जाणार असाल तर तासाच्या ठोक्याला सुटणारी फेरी पकडा. परत येईपर्यंत पुढचा तास होत आलेला असतो आणि तो लखलखाट धक्क्याजवळून बघता येतो.

उघड्या टपाच्या बसचा प्रश्न वेगळा आहे. बोट जे दाखवत नाही नेमकं तेच ती दाखवते: काँकॉर्द चौक आणि १८३६मध्ये तिथे उभा केलेला लक्सॉरचा इजिप्शियन स्तंभ, शाँझेलिझेचा जवळपास दोन किलोमीटरचा सरळ चढ, बारा रस्ते जिथे येऊन मिळतात ती आर्क द त्रियाँफ, ऑपेरा गार्निए. रात्रीची फेरी दीड-दोन तासांची. दिवसाच्या बसमधून कुठेही उतरा, पुन्हा चढा असं असतं. रात्रीच्या फेरीत ती सोय सहसा नसते. एकदा बसलात की बसलात. तिकीट बोटीच्या साधारण दीड-दोनपट, कानात इयरफोन, आणि सिग्नलला गाडी अडकली की इयरफोनमधली बाई पुढच्या स्मारकावर पोहोचलेली असते. मे महिन्यात वाऱ्याची झुळूक छान लागते. नोव्हेंबरात वरच्या मजल्यावर तासाभरात सगळे खाली यायची कारणं शोधू लागतात. नोव्हेंबरच्या शेवटापासून शाँझेलिझेवर नाताळची रोषणाई असते, तेव्हा मात्र बसला तोड नाही. बाकी काळात, शाँझेलिझे दिवसा पायी बघितलेली असेल तर मी बसवर पैसे घालणार नाही.

आता आपल्याकडच्या ग्रुप टूरची ‘इल्युमिनेशन टूर’. मुंबई-पुण्याहून निघणाऱ्या बऱ्याच सहलींत ती असते, कधी पॅकेजमध्ये, कधी वेगळे पैसे भरून. बंद काचांची एसी कोच, आणि माइकवर टूर मॅनेजर. हिला नावं ठेवायची फॅशन आहे, पण एक गोष्ट हिच्याकडेच आहे: मराठीत सांगणारा माणूस. ‘आता डावीकडे बघा, काकू, तुमच्या बाजूला’ हे पॅरिसमध्ये ऐकायला मिळणं ही आईवडिलांसाठी मोठी गोष्ट असते. अडचण पुन्हा घड्याळाचीच. मे महिन्यात ही फेरी रात्री दहाच्या सुमारास निघते, सकाळपासून लूव्र आणि आयफेल करून दमलेली मंडळी भारतीय हॉटेलात पोटभर जेवून आलेली असतात, आणि आर्क द त्रियाँफ येईपर्यंत निम्मी बस डुलक्या घेत असते.

बुकिंगच्या वेळी टूर कंपनीला एक गोष्ट नक्की विचारा: कार्यक्रमातली सेनची क्रूझ किती वाजता आहे? बऱ्याचदा ती दुपारी चार-पाचला उरकतात आणि रात्रीसाठी कोचची फेरी वेगळी विकतात. क्रूझ रात्री होणार असेल तर इल्युमिनेशनचे जादा पैसे वाचवायला हरकत नाही. क्रूझ दुपारीच असेल आणि दिवाळीची सहल असेल तर ती कोच घ्या, तेव्हा ती लवकर निघते आणि लोक जागे असतात.

सायकल मला सर्वात आवडते, पण ती सरसकट सुचवत नाही. आठ-दहा जणांचा गट, पुढे गाईड, तीन-चार तास. वर सांगितलेल्या सगळ्यांत प्रश्न विचारता येतो असा हा पर्याय. हा पूल कुणी बांधला, ती खिडकी उघडी का, इथे घरभाडं काय पडतं, काहीही विचारा. गाईड गटाला गल्ल्यांतून नेतो, लूव्रच्या पिरॅमिडपाशी थांबवतो, सेंट लुई बेटावर आइस्क्रीम खायला घालतो. उजव्या काठावरचा नदीलगतचा रस्ता १९६७पासून मोटारींचा महामार्ग होता. २०१६मध्ये पालिकेनं तो गाड्यांना बंद केला, आणि आता रात्री तिथे पाण्याशेजारून सायकल चालवता येते. पॅरिसचा मधला भाग जवळपास सपाट आहे, त्यामुळे दम लागत नाही. मोंमार्त्रची टेकडी या फेऱ्यांत सहसा नसते.

मग अडचण काय? वाहतूक उजव्या बाजूनं. ज्यांनी आयुष्यभर डावीकडून सायकल चालवली त्यांचा वळणावर गोंधळ होतो, आणि तोही रात्री. शेवटची सायकल कॉलेजात असताना चालवली असेल तर हा प्रयोग इथे नको. बारा वर्षांखालच्या मुलांना फ्रान्समध्ये हेल्मेट सक्तीचं आहे आणि प्रत्येक गटात लहान मुलं घेत नाहीत, ते आधी विचारून घ्या. खर्च बोटीच्या दोन-तीनपट धरा. काही ठिकाणी सायकल आणि बोट एकाच तिकिटात मिळतं, आणि मे-जूनसाठी मला हीच जोडी पटते: उजेडात सायकल चालवायची, काळोख पडायच्या वेळी बोटीत जाऊन बसायचं. उशिरा मावळणाऱ्या सूर्याचा असा उपयोग दुसऱ्या कुठल्याच फेरीत होत नाही. (जुन्या व्हिडिओंत दिसणाऱ्या भाड्याच्या इलेक्ट्रिक स्कूटर शोधू नका. जनमत घेऊन पॅरिसनं त्या सप्टेंबर २०२३पासून बंद केल्या.)

जुन्या सित्रोएन २सीव्ही मोटारीतून ड्रायव्हर फिरवतो, तेही एक खूळ आहे. टप उघडं करून तीन जण बसतात आणि पैसे गाडीचे असतात, माणशी नव्हे. लग्नाचा पंचविसावा वाढदिवस साजरा करणाऱ्या जोडप्याला महाग, तिघांत वाटलं तर विचार करण्याजोगं. छोट्या गल्ल्यांत आणि मोंमार्त्रच्या चढावर मोटार जाते, हा तिचा खरा फायदा. आयफेलभोवती फिरणाऱ्या सायकलरिक्षांपासून मात्र जपून. बसायच्या आधी भाव सगळ्यांचा मिळून की माणशी, पूर्ण फेरीचा की मिनिटांचा, हे कागदावर लिहून घ्या. नाही लिहिलं तर पुढे चला.

आणि ज्यांना गाईडचा सोस नाही त्यांनी मेट्रोची ६ नंबरची लाइन घ्यावी. दोन-अडीच युरोंचं तिकीट. आर्क द त्रियाँफजवळच्या एत्वाल स्टेशनहून नासिऑनच्या दिशेनं जाताना पासी स्टेशन सुटलं की गाडी बिर-हाकेमच्या पुलावरून नदी ओलांडते आणि डावीकडच्या खिडकीत आख्खा टॉवर येतो. अर्धं मिनिट असेल नसेल. उजवीकडे बसलात तर पुढच्या स्टेशनला उतरून पुलावर पायी परत या, फोटो तिथूनच चांगला येतो. फोन काढताना पाठीवरची पिशवी पुढे घ्या, त्या पुलावर आणि टॉवरसमोरच्या त्रोकादेरो चौकात खिसेकापूंचाही सीझन बाराही महिने असतो.