सौर कृषिपंप घेताय? एकर सोडा, हेड बघा

‘मागेल त्याला सौर कृषीपंप’ योजनेत पंपाची ताकद जमिनीवरून ठरते. अडीच एकरांपर्यंत 3 एचपी, पाचपर्यंत 5, त्यापुढे 7.5. कागदाला सोपं, पण पंपाला सातबारा वाचता येत नाही, त्याला फक्त हेड कळतं, म्हणजे उंची, दाब आणि पाइपातलं घर्षण मिळून पाणी किती मीटर ढकलायचं ते.

3 एचपीचा एसी सबमर्सिबल पंप आणि 3,000 वॉटची पॅनेलं धरा. केंद्राच्या तांत्रिक मानकानुसार 30 मीटर हेडला असा संच दिवसाला 1,05,000 लिटर देतो, 50 मीटरला 63,000 आणि 70 मीटरला 42,000. तीन हेडांसाठी पंप वेगवेगळे असतात, एचपी मात्र तेवढाच. शिवाय हे आकडे चौरस मीटरला रोज 7.15 युनिट (किलोवॅट-तास) ऊन आणि दिवसातून तीनदा पॅनेलांची दिशा बदलणं गृहीत धरून काढलेले. आपल्याकडे वर्षाची सरासरी पाच-साडेपाचच्या आसपास, आणि दिशा बदलायला दुपारी शेतात जातो कोण? तेव्हा पाऊण पट पाणी धरून चाला.

हेड काढायचं असं: उन्हाळ्यात पंप चालू असताना पाणी 12 मीटर खाली, शेत 5 मीटर उंच, ठिबकला फिल्टरसकट दीड किलो दाब म्हणजे 15 मीटर. झाले 32. पाइपातलं घर्षण अजून बाकीच आहे. ताशी 15 हजार लिटर वाहत असेल तर 63 मिमी पाइपात दर 100 मीटरला साडेचार मीटरच्या आसपास जातात, 75 मिमीत दोनच्या आत. इथे 50 मीटरचाच पंप हवा. याच विहिरीवर नुसतं सऱ्यांनी पाणी द्यायचं असेल तर 30 मीटरचा घ्या, पाणी भरपूर मिळेल. संयुक्त पाहणीच्या वेळी (महावितरण आणि पुरवठादार शेतावर एकत्र येतात तेव्हा) हेडचा हा आकडा स्वतः सांगा आणि अहवालात लिहून घ्या. पाहणी पावसाळ्यानंतर झाली तर विहीर भरलेली दिसते आणि हेड कमी मांडलं जातं.

‘ढग आला की ठिबक बंद पडतं’ ही तक्रार सगळीकडे ऐकू येते. मोटार बिघडलेली नसते. ऊन कमी झालं की कंट्रोलर, म्हणजे पॅनेलांची वीज पंपाला देणारी पेटी, मोटारीचे फेरे उतरवतो, आणि दाब फेऱ्यांच्या वर्गाने घटतो: फेरे 80 टक्के, तर दाब 64 टक्के. उपाय दोन. ठिबकचे व्हॉल्व्ह लावून लहान भाग करा, किंवा दिवसभर उंचावरची टाकी वा शेततळं भरत राहा. बॅटरी संचात नसतेच.

पैशांच्या बाजूने योजनेला नावं ठेवायला जागा नाही: शेतकऱ्याचा हिस्सा 10 टक्के, अनुसूचित जाती-जमातींना 5, पाच वर्षं दुरुस्तीची हमी आणि विमा. रात्रीची पाळी सुटते ते वेगळंच. पुरवठादार तुम्हीच निवडायचा असतो, म्हणून आधी त्याचा दुरुस्तीवाला तालुक्यात आहे का ते विचारा. अर्थिंग आणि लायटनिंग अरेस्टर (वीजरोधक) डोळ्यांसमोर बसवून घ्या. वीज पडली की पहिला जातो कंट्रोलर. पॅनेलं सकाळी धुवा, तापलेल्या काचेवर गार पाणी नको.

खटकतं ते एवढंच की पाणी नको असतं तेव्हा पॅनेलं रिकामी तापत राहतात. कडबाकुट्टी किंवा पिठाची गिरणी चालवणाऱ्या सार्वत्रिक कंट्रोलरची सोय केंद्राच्या नियमांत आहे. हवा असेल तर मागणी नोंदवतानाच विचारा. साधा कंट्रोलर एकदा बसला की नंतर या सोयीसाठी तो अख्खा बदलावा लागतो.