थ्रस्ट बेअरिंगचं अ‍ॅनालिसिस करून घेतलं, दुसऱ्या फेरीत जमलं
आमच्या व्हर्टिकल पंपाच्या टिल्टिंग पॅड थ्रस्ट बेअरिंगचं (शाफ्टचा उभा भार थोड्या कलणाऱ्या पॅडांवर, तेलाच्या थरावर तोलणारं बेअरिंग) मॉडेलिंग एका छोट्या कन्सल्टन्सीकडून करून घेतलं. पहिला रिपोर्ट बघून डोकंच फिरलं, पॅड वाकतच नाही असं धरलेलं आणि तेलाची व्हिस्कॉसिटी (घट्टपणा) सगळीकडे सारखी, अहो तेल तापलं की पातळ होतं, पॅडवर तेलाची फिल्म (थर) उरते जेमतेम 20-30 मायक्रॉन, त्यात पॅड वरून गरम खालून थंड म्हणून मधे फुगतो तोही त्याच मापात, मग हिशोब काय चाटायचाय! बोललो तर कुरकुर न करता परत रन केलं, एका पॅडचं गरम तेल पुढच्यात जातं तेही घेतलं. आता बॅबिटचं (पॅडवरच्या मऊ धातूच्या थराचं) टेंपरेचर आमच्या आरटीडीशी (तापमान मोजणाऱ्या सेन्सरशी) 3-4 डिग्रीत जुळतंय. बिल मात्र रिपोर्टच्या आधी हजर. 4 स्टार.