दोन इंच लिफ्ट: नुसत्या स्प्रिंग-शॉकअपवर भागतं, की आर्म आणि ड्रॉप किटही घ्यायचं?

दिवाळीला तासगावला बहिणीकडं गेलो, तर चहा यायच्या आधीच दाजींनी कोटेशन पुढं सरकवलं. त्यांची इसुझू व्ही-क्रॉस पिकअप दोन इंच उचलायची. यादीत वर स्प्रिंग, शॉकअप, मागचे पाटे. खाली अप्पर कंट्रोल आर्म (चाकाला वरून धरणारा दांडा), डिफ-ड्रॉप किट (पुढचं डिफरन्शियल, म्हणजे चाकांना ताकद वाटणारी गिअरपेटी, खाली घेणारं), लांब ब्रेक होज (ब्रेकच्या तेलाची नळी), जादा बंप स्टॉप (चाक पार वर आल्यावर धक्का झेलणारं रबर). खालच्या चार ओळींनी बिल जवळपास दुप्पट केलं होतं.

"काय पावणं, तीन बोटं गाडी उचलायला एवढं सामान लागतंय?" दाजींनी विचारलं.

त्याच सुमारास साताऱ्यातला एक मित्र टोयोटाच्या हायलक्स पिकअपला हेच करायच्या विचारात होता. दोन्ही गाड्यांची ठेवण सारखी: पुढं डबल विशबोन (चाकाला धरणारे वर-खाली दोन आर्म) आणि कॉइल स्प्रिंग, मागं पाटे. प्रश्नही सारखाच. उत्तरं मात्र वेगळी निघाली, कारण एकाची गाडी बामणोलीकडच्या दगडांत पुढून टेकत होती आणि दुसऱ्याची उसाच्या पाणंदीत मागून.

आधी लिफ्ट कशानं करताय ते बघा

पुढून गाडी उचलायचे दोन मार्ग. एक, आहे त्याच शॉकअपच्या डोक्यावर पॅकिंग, म्हणजे स्पेसर, टाकायचं. दोन, जरा उंच किंवा कडक स्प्रिंग आणि तिला जुळणारा शॉकअप बसवायचा. जादा पार्ट लागणार की नाही, हे निम्मं इथंच ठरतं.

पॅकिंग स्वस्त. शॉकअप विशबोनच्या मधोमध कुठंतरी बसतो, म्हणून २५ मिलिमीटरचं पॅकिंग चाकापाशी साधारण त्याच्या दुप्पट उंची देतं. ऐकायला फायद्याचं वाटतं. पण चाक खड्ड्यात लोंबतं तेव्हा ते कंपनीनं ठरवलेल्या मर्यादेच्याही खाली जातं. वरच्या आर्मचा बॉल जॉइंट, म्हणजे चाकाकडचा वळणारा सांधा, टोकापर्यंत वळतो आणि आर्म स्प्रिंगला टेकायला लागतो.

हे मी स्वतःच्या गाडीवर भोगलंय. एका गॅरेजमध्ये पॅकिंग टाकून घेतलं, त्यांनी फक्त टो (वरून बघताना चाकांची आत-बाहेर दिशा) सेट करून गाडी हातात दिली. पेठ नाक्यावरून कराडकडं निघालो तर स्टेअरिंग सैल, वळणानंतर आपण होऊन सरळ यायला तयार नाही, आणि सहापदरीकरणाच्या डायव्हर्जनवर गाडी जणू स्वतःच्या मनानं चाललेली. परत गेलो तर म्हणाले, "अप्पर आर्म घ्यावे लागतील." न घेता दुसरीकडं थ्री-डी अलाइनमेंट केलं. खालच्या विशबोनच्या कॅम बोल्टांना, म्हणजे फिरवून चाकाचे कोन बदलायच्या बोल्टांना, आधीच्यांनी हातच लावला नव्हता. ते फिरवल्यावर कॅस्टर (चाक वळतं त्या आसाचा मागं असलेला कल, ज्यानं स्टेअरिंग आपोआप सरळ येतं) बऱ्यापैकी परत आला, गाडी सरळ झाली. आर्मचा खर्च वाचला म्हणून मी खूश.

पुढं एकदा जॅकवर घेऊन चाक लोंबू दिलं, तेव्हा वरच्या आर्मच्या आतल्या कडेला रुपयाएवढा चकचकीत पट्टा दिसला. रंग उडून लोखंड उघडं पडलेलं, समोर स्प्रिंगच्या वेटोळ्यावर तशीच खूण. रस्त्यावर काहीच आवाज नव्हता. त्या आठवड्यात पॅकिंग काढलं.

स्प्रिंग-शॉकअपच्या लिफ्टमध्ये शॉकअपची पूर्ण ताणलेली लांबी कंपनीच्या जवळपास राहत असेल, तर चाक लोंबायची मर्यादाही तीच राहते. आर्म स्प्रिंगला टेकत नाही. बदल्यात लोंबायला जागा कमी उरते, म्हणून उंचवट्यावरून उतरताना शॉकअप टोकाला ठोकतो. ४० मिलिमीटरपर्यंत हे चालवून घेता येतं. ५० च्या पुढं मला तरी नको.

स्प्रिंग निवडताना बहुतेकांची चूक एकाच ठिकाणी होते. बरीच किट ऑस्ट्रेलिया किंवा थायलंडची असतात आणि कॅटलॉगमध्ये एकाच गाडीला दोन वजनांसाठी दोन वेगळ्या स्प्रिंग असतात: बुलबारसह (बंपरपुढचा जड गार्ड) आणि बुलबारशिवाय. आपल्याकडं धातूच्या बुलबारला २०१७ पासून बंदी आहे, म्हणजे आपली गाडी बुलबारशिवायचीच. बुलबारवाली स्प्रिंग बसली की ४० ची लिफ्ट आपोआप वाढते, नाक वर होतं, आणि मग खरोखरच आर्मची गरज पडते. आर्मची मागणी बऱ्याचदा चुकीच्या स्प्रिंगनं तयार केलेली असते.

अप्पर आर्म: आधी कागद, मग पैसे

गाडी उचलली की कॅस्टर कमी होतो आणि कॅम्बर (चाकाच्या माथ्याचा आत-बाहेर कल) पॉझिटिव्हकडं, म्हणजे बाहेर, सरकतो. दोन्ही दुरुस्त करायला तेच कॅम बोल्ट, त्यामुळं एकाला दिलं की दुसऱ्याला कमी पडतं. आफ्टरमार्केट आर्म बॉल जॉइंट जरा मागं घेऊन जादा कॅस्टर देतो, आणि त्याचा जॉइंटही जास्त कोनात वळू शकतो. चीज उत्तम आहे, वाद नाही. पण दीड-दोन इंचांत तो बहुतेक वेळा लागत नाही.

म्हणून क्रम उलटा धरा. आधी लिफ्ट करा, दोनएकशे किलोमीटर चालवून स्प्रिंग बसू द्या, मग अलाइनमेंट करून छापील रिपोर्ट मागा. कॅम टोकाला नेऊनही कॅस्टर हिरव्या पट्ट्यात, म्हणजे रिपोर्टवरच्या योग्य मर्यादेत, येत नसेल किंवा डाव्या-उजव्यात मोठा फरक राहत असेल, तर आर्म घ्या. येत असेल तर विषय संपला. जुन्या गाडीत, विशेषतः पाटण-कोयनेच्या पावसात वाढलेल्या, कॅम बोल्ट बुशमध्ये गंजून जाम झालेले असतात. तिथं नवे बोल्ट आणि बुश हाच जादा पार्ट.

डिफ-ड्रॉप

टू-व्हील ड्राइव्ह असेल तर हा परिच्छेद सोडा, पुढं एक्सलच नाहीत. फोर बाय फोरमध्ये गाडी उचलली की पुढच्या एक्सलचा कोन वाढतो आणि सीव्ही जॉइंटच्या (चाक वळलं-हललं तरी ताकद पोचवणारा सांधा) रबरी बुटाच्या घड्या एकमेकींवर घासायला लागतात. गाडी टू-एचमध्ये (फक्त मागच्या चाकांना ताकद) असली तरी चाकांसोबत हे जॉइंट फिरतच असतात, म्हणून "फोर बाय फोर कधीतरीच लावतो" हा युक्तिवाद इथं चालत नाही.

ड्रॉप किट पुढचं डिफरन्शियल इंचभर खाली घेतं आणि कोन कमी करतं. पण पोटाखाली कमावलेली उंची तिथंच परत देऊन टाकता! ४० मिलिमीटरला मी ते घेणार नाही. बुटावर दर सर्व्हिसला नजर ठेवायची, चिरेतून ग्रीस उडालेलं दिसलं की बूट बदलायचा.

जे कोटेशनमध्ये नसतं आणि लागतं

ब्रेक होज आणि एबीएसची वायर ताणली जाते का, हे कोटेशनवरून कळत नाही. चाकं लोंबत ठेवा, स्टेअरिंग एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवा आणि हात लावून पाहा. ढील असेल तर लांब होज नको. कधीकधी नुसती क्लिप खाली सरकवली की काम होतं.

मागं पाटे काढले की यू-बोल्ट नवेच घालायचे आणि काहीशे किलोमीटरनंतर पुन्हा टॉर्क लावून घ्यायचा. काही गाड्यांत मागच्या एक्सलला जोडलेला, वजन ओळखून ब्रेकचा दाब ठरवणारा व्हॉल्व्ह असतो. मागून गाडी उचलली की त्याला वाटतं गाडी रिकामी आहे, आणि तो मागचा ब्रेक कमी करतो. भरलेल्या गाडीत घाट उतरताना याचा अर्थ काय, ते सांगायला नको. त्याचा ब्रॅकेट सेट करणं हे मिस्त्रीचं छोटंसं काम, पण आठवण आपण करून द्यायची. गाडी वेग घेताना धडधडायला लागली तर प्रॉपेलर शाफ्टचं (मागच्या एक्सलला ताकद नेणारा लांब दांडा) मधलं बेअरिंग बघायचं. हेडलाइट खाली घ्यायचे. समोरचे शिव्या देतात ते उगाच नाही.

मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आणि जानेवारी २०१९ चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल कंपनीच्या मूळ रचनेत बदल करू देत नाहीत. २०१९ च्या दुरुस्तीनंतर परवानगी नसलेल्या प्रत्येक बदलामागं पाच हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. "प्रत्येक बदलामागं" हे शब्द वाचल्यावर कोटेशन आपोआप आखूड होतं. आरटीओ आणि विमा कंपनी, दोघांना आधीच विचारा.

मग दोघांनी काय केलं

साताऱ्याच्या मित्राची हायलक्स कास ओलांडून खाली उतरताना पुढच्या प्लेटवर घासायची. त्याला लिफ्टचा खरा उपयोग होता. ४० ची स्प्रिंग, बुलबारशिवायची, जुळते शॉकअप, बाकी काही नाही. रिपोर्ट हिरवा आला, आर्मची वेळ आली नाही.

दाजींचं वेगळं. त्यांना म्हटलं, "गाडी कुठं टेकते ते दाखवा." पाणंदीत गेलो. कारखान्याच्या हंगामात ट्रॅक्टर-ट्रॉल्यांनी दोन खोल चाकोऱ्या पाडलेल्या, मधला उंचवटा गवत माजून कडक झालेला, आणि त्यावर मागच्या एक्सलच्या हाउसिंगच्या, म्हणजे डिफरन्शियलच्या, गोळ्यानं ओढलेली लांब रेघ. मी खाली वाकून ती त्यांना दाखवली.

"दाजी, हा गोळा एक्सलवर आहे. पाटे बदला, आर्म घाला, कायबी करा, हा जागचा हलत नाही. फक्त टायर मोठा झाला तरच वर येतो."

आणि टायरनं तरी किती? २४५/७० आर १६ च्या जागी २६५/७० घातला तर व्यास २८ मिलिमीटर वाढतो, गोळा त्याच्या निम्मा, १४ मिलिमीटर वर येतो. वर स्पीडोमीटरला १०० दिसताना गाडी १०४ च्या आसपास असते.

दाजी उकिडवे बसून बराच वेळ ती रेघ बघत राहिले. मग बांधापलीकडच्या चुलतभावाला हाक मारली आणि दोघांत मिळून मुरमाच्या चार ट्रॉल्या ठरवल्या. गाडीचे मागचे पाटे द्राक्षाच्या क्रेटांनी सपाट झाले होते, तेवढे मूळ मापाचे नवे बसवले.